उजवीकडचा मागचा इंडिकेटर

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ताटावरून तशीच उठून निघालीस याचे वाईट वाटले. पण त्याहून जास्त जिवाला लागले ते हे, की कोपऱ्यावर उजवीकडे वळताना तुझ्या दुचाकीचा मागचा इंडिकेटर पेटला नाही. काकूसमोर मी आवाज चढवायला नको होता. तो विषय आता काढत नाही, फक्त वायरिंगचे लिहितो.

नवा बल्ब घालूनही तो पेटत नाही आणि मीटरचे एक टोक बॅटरीच्या मायनसला लावले की होल्डरवर 12 व्होल्ट येऊन जातात, म्हणजे फ्लॅशर (दिवा लुकलुकवणारी डबी) बिघडला, असे तुझे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. डावे दोन्ही दिवे नीट लुकलुकतात, म्हणजे बॅटरी, फ्यूज आणि फ्लॅशर शाबूत आहेत. उजवा पुढचाही लुकलुकतो, त्यामुळे स्विचही चांगला आहे. मात्र तो फार घाईने लुकलुकतो. इंडिकेटर मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकायला हवा. मागच्या बल्बचा भार फ्लॅशरला मिळत नाही, म्हणून त्याची गती वाढली आहे. तेव्हा दोष मागे जाणाऱ्या वायरीत, होल्डरमध्ये किंवा अर्थिंगमध्येच, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परत जाणाऱ्या जोडणीतच, असणार.

मीटरवर विसंबू नकोस. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे वायरीतली एखादी काळी पडलेली तार जरी कशीबशी टेकलेली असली तरी तो पूर्ण 12 व्होल्ट दाखवतो. 10 वॅटच्या बल्बला मात्र जवळपास 0.8 अँपिअर लागतात आणि ते अशा खराब जोडातून येत नाहीत. शिवाय तू मायनस थेट बॅटरीचा घेतलास, तेव्हा होल्डरचे अर्थिंग तपासलेच गेले नाही. कारखान्यात एवढाली पॅनेल तपासणाऱ्या मुलीला हे मी सांगावे असे नाही. तुझ्या कामाविषयी मी डेपोतल्या जुन्या मंडळींना किती वेळा सांगतो ते आईला विचार. पण घरच्या गाडीकडे माणूस कामावरच्या डोळ्यांनी पाहत नाही.

म्हणून टेस्ट लॅम्प, म्हणजे एका वायरीला चिमटा आणि दुसरीकडे टोक असलेला तपासणीचा दिवा, घे. त्याचा चिमटा बॅटरीच्या मायनसला लाव, उजवा इंडिकेटर चालू कर आणि टोक होल्डरच्या मधल्या पत्रीवर टेकव. लॅम्प झगझगीत लुकलुकला तर करंट येतो आहे. मग होल्डरच्या कडेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत एक सुटी वायर जोडून पाहा, बल्ब पेटला की अर्थिंगच गेले आहे असे समज. लॅम्प मंद राहिला किंवा पेटलाच नाही, तर सीट काढून कपलरवर (वायरी एकमेकींना जोडणाऱ्या सॉकेटवर) तीच तपासणी कर. होंडाच्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये उजव्या इंडिकेटरची वायर फिकट निळी आणि अर्थिंगची हिरवी असते. कपलरच्या पिनांवर हिरवट थर चढला असेल तर तो खरवडून काढ. मडगार्डच्या बोल्टाखाली वायर चेपली आहे का तेही बोट फिरवून पाहा.

हात दाखवून वळते, असे तू म्हणालीस. अगं, उजवा हात हँडलवरून काढला की ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक एकदमच सुटतात, आणि रात्री दुसरी पाळी संपवून तळेगाव-चाकण रस्त्यावर येताना मागच्या ट्रकवाल्याला तुझा हात दिसणार कसा? अण्णाच्या वेळीही वळण उजवेच होते. हे लिहायचे नाही असे ठरवूनच बसलो होतो.

2006 सालच्या पावसाळ्यात याच गाडीचे उजवे दोन्ही इंडिकेटर कधी पेटत, कधी नाही. तू सात वर्षांची होतीस. अंगणात गाडीमागे उकिडवी बसून तू “पेटला… गेला… पेटला” असे ओरडत होतीस आणि मी हँडल हळूहळू फिरवत होतो. डावीकडे वळवले की पेटे, उजवीकडे नेले की विझे. हँडलच्या मानेजवळ वायरीचे आवरण अगदी अखंड दिसत होते. नखाने दाबले तेव्हा तेवढीच जागा पोकळ लागली. आत तांब्याच्या तारा काळ्या पडून तुटल्या होत्या. सोल्डरिंग करायच्या आधी तू तो तुकडा मागून घेतलास आणि कितीतरी दिवस कंपासपेटीत ठेवलास. एसटीच्या वर्कशॉपमध्ये 31 वर्षे वायरिंग केले, पण इतक्या नेमकेपणाने मला कोणी दिवा सांगितला नाही.

पुन्हा शिकवणी झाली, माफ कर. गाडी विकून टाक असे मी रविवारी बोललो, ते शब्द मागे घेतो. ती तुझीच आहे आणि तू ती माझ्यापेक्षा चांगली चालवतेस. फक्त दुरुस्ती होईपर्यंत रात्री कंपनीच्या बसने ये.

दादाबरोबर माझा टेस्ट लॅम्प, 10 वॅटचे दोन बल्ब आणि काळी टेप पाठवत आहे. सगळे लाडवांच्या डब्याखाली आहे. तपासताना मैत्रिणीला गाडीच्या मागे उभी कर आणि दिवा पेटला की, रात्रीचे कितीही वाजलेले असोत, मला फोन कर.

तुझे
बाबा