ओपन माईकचाही कार्यक्रमांच्या यादीत नंबर लावा की

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

परवा आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं की स्टँडअप कॉमेडी म्हणजे इंग्रजांची नक्कल, माईक धरून शिव्या घालायच्या आणि वर त्यालाच करिअर म्हणायचं. शिव्यांचं म्हणाल तर मलाही नाही आवडत, घरात सगळे बसलेले असले की रिमोट शोधत बसावं लागतं. पण हे काम नाहीच असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही, कारण आमच्या घरातच एक नमुना आहे, बहिणीचा मुलगा. दिवसभर आपल्या नाशिकच्या अंबडला कंपनीत असतो, शनिवार-रविवार एका खाजगी एफएमवर बोलतो आणि उरलेल्या वेळात ओपन माईक, म्हणजे नवख्यांनी नंबर लावून चार-पाच मिनिटं माईकवर आपले जोक करून बघायचे.

मागे एकदा त्याच्यासोबत गेलो होतो. कॉलेज रोडला वरच्या मजल्यावर कॅफे, तिकीट ९९ रुपये, माणसं मोजली तर बावीस आणि त्यातली निम्मी आपला नंबर कधी येतो म्हणून बसलेली. याने इथल्या द्वारका चौकाच्या ट्रॅफिकवर चार-पाच मिनिटं सांगितलं, सिग्नल, रिक्षावाले, मुंबईची बस, सगळं, आणि शेवटी नेमकी पंचलाइन आली तेव्हा काउंटरवर कोणाच्या तरी कोल्ड कॉफीचा मिक्सर सुरू झाला. कोणीच हसलं नाही. मी हसलो, पण मामाचं हसणं कोण धरतं.

तीन महिन्यांनी परत गेलो तर तोच जोक एका वाक्यात आला होता. "द्वारकेला अडकलो होतो, शेवटी तिथल्याच मतदार यादीत नाव टाकून घेतलं." अख्खा कॅफे हसला, मिक्सरवालासुद्धा. येताना गाडीवर विचारलं, एवढं छोटं कसं काय केलंस रे, तर म्हणे मामा रेडिओमुळे. तिथे गाणं सुरू व्हायच्या आधी लिंक असते ना, म्हणजे आपलं बोलणं, म्युझिक वाजायला लागतं आणि गायकाने तोंड उघडायच्या आत आपलं संपवावं लागतं, नाहीतर आवाजावर आवाज चढतो. समोर कोणी दिसत पण नाही, हसले की नाही काय कळणार. स्टेजवर निदान हसत नाहीत ते दिसतं तरी.

हे ऐकून मला एकदम पुलं आठवले. आपण त्यांना साहित्यिक म्हणून कपाटात ठेवलंय, पण तो माणूस आकाशवाणीत नोकरी करायचा, तिथून बीबीसीत जाऊन शिकून आला, दिल्लीत १९५९ ला दूरदर्शन सुरू झालं त्या सुरुवातीच्या मंडळींत होता. आणि 'बटाट्याची चाळ' नुसतं पुस्तक नाही राहिलं, एकटे उभे राहून अख्खी चाळ लोकांपुढे उभी करायचे. त्याला आपण एकपात्री म्हणतो, शब्द आपला आहे म्हणून चालतं, स्टँडअप म्हटलं की इंग्रजांचं झालं का? मग लक्ष्मण देशपांडे घ्या, १९७९ पासून एकटा माणूस 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये पन्नासच्या वर पात्रं करायचा, गिनीज बुकात नोंद झाली. विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे ते, म्हणजे पोटापाण्याचं वेगळं होतंच.

आजचं बघायचं तर इंदूरचा स्टँडअपवाला झाकिर खान. त्यानेही रेडिओचं शिक्षण घेतलं, त्या धंद्यात राबला, २०१२ ला टीव्हीवरची स्पर्धा जिंकला आणि २०२५ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीत शो केला. मधली तेरा वर्षं कोणी मोजत नाही. मराठीत भाडिपा या यूट्यूब चॅनलवाल्यांनी स्टँडअप सुरू केलं तेव्हा आमच्याकडे लोक विचारायचे, हे काय नाटक आहे का, मग सेट कुठंय?

पैशाचं विचाराल तर भाच्याचं रेडिओवर पेट्रोल सुटतं, ओपन माईकला उलट पदरचे जातात, खरं उत्पन्न हळदी-संगीतच्या अँकरिंगचं. तिथे नवरदेवाच्या काकांवर जोक करायचा नाही ही अट आधीच असते. एका ऑफिसच्या फंक्शनचं पेमेंट तर आठ महिने झाले 'सोमवारी टाकतो' वरच आहे, असे किती सोमवार गेले. तरी पोरगं रात्री अकराला गच्चीत फेऱ्या मारत एकच वाक्य दहा वेळा बोलत असतं, शेजारच्या आजींना वाटतं प्रेमभंग झालाय.

कालिदास कलामंदिरसारखं मोठं नाट्यगृह या पोरांना झेपायचं नाही आणि कॅफेवाल्याने आयपीएलची मॅच लावली की ओपन माईक कॅन्सल. म्हणून विनंती एवढीच, आपल्या पेपरात रोज शहरातल्या कार्यक्रमांची यादी येते, कीर्तन, व्याख्यान, हास्यक्लबसुद्धा असतो, मी रोज चहासोबत वाचतो. त्यात खाली एक ओळ या ओपन माईकची टाकता आली तर बघा, वेळ आणि ठिकाण, बस. भाच्याला मी सांगितलेलं नाही हे पत्र लिहिलंय म्हणून, छापलं तर तोच मला दाखवायला येईल.

आपला,
एक जुना वाचक, इंदिरानगर, नाशिक