चावी बदलू नकोस, सेल बदल

प्रिय सुहास,

पत्र मिळालं. बाकीच्या बातम्यांवर सवकाश लिहीन, पण गाडीच्या चावीबद्दलच्या तुझ्या दोन ओळी वाचून आधी हे लिहायला बसलोय. बटण दोन-तीनदा दाबावं लागतं, पूर्वी लांबून उघडणारं दार आता अगदी जवळ गेल्याशिवाय उघडत नाही, आणि म्हणून तू नवी चावी करून घ्यायला निघालास! अरे, ही लक्षणं सेल उतरत आल्याची आहेत. आधी सेल बदलून बघ.

सेल कोणता, ते जुन्या सेलवरच कोरलेलं असतं. बहुतेक चाव्यांत सीआर२०३२ निघतो. त्या आकड्यात मापच दडलंय: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. सीआर२०२५ तेवढाच रुंद, पण जाडी २.५. दोन्ही ३ व्होल्टचे, म्हणून कुणी 'चालतो हो' म्हणत दुसराच देईल. घेऊ नकोस. पातळ सेल सैल बसतो आणि चावी हातातून पडली की संपर्क तुटतो. जाड सेल कोंबला तर आतली नाजूक पत्री वाकते, आणि ती वाकली की मात्र खरंच खर्च आला. एलआयआर अक्षरांचा, पुन्हा चार्ज होणारा सेलही नको. पूर्ण भरला की तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो.

आता उघडायचं कसं. बाजूची खिट्टी सरकवून आतली धातूची चावी बाहेर काढ. बऱ्याच चाव्यांत ती निघते त्याच जागी एक बारीक फट दिसते. चपट्या पेचकसाच्या टोकाला कापड गुंडाळ, फटीत घाल आणि हलकेच पीळ. जोर लावून उचकटायचं नाही, कवचाचे आतले आकडे तुटतात. उघडल्यावर काहीही हलवण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढ, अधिकची बाजू वर होती की खाली ते नंतर आठवत नाही. काही जुन्या चाव्यांत इमोबिलायझरची (ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेची) इवलीशी चिप कवचात सुटीच बसवलेली असते. ती घरंगळून हरवली तर गाडी चालूच होणार नाही, म्हणून हे काम टेबलावर पांढरं फडकं पसरून कर. नवा सेल कडेला धरून बसव. धातूचा चिमटा नको, तो दोन्ही बाजूंना एकदम टेकला की शॉर्ट होतो.

सेल काढला की चावी गाडीला विसरेल, ही तुझी भीती मला कळते. पण चावीची ओळख ज्या मेमरीत असते तिला टिकून राहायला वीज लागत नाही. आणि मला तर याहून सुंदर वाटते ती इमोबिलायझरची चिप. तिला स्वतःचा सेलच नसतो. गाडीतली तारेची गुंडाळी चुंबकीय क्षेत्र तयार करते, त्यातून चिपला पुरेल एवढी ऊर्जा मिळते आणि ती आपला संकेत सांगते. म्हणून सेल पार मेला तरी तू अडकत नाहीस. धातूच्या चावीनं दार उघड. (तुझ्या दाराला कुलपाचं भोक दिसत नसेल तर हँडलच्या कडेचं टोपण बघ, बहुधा त्याखाली असतं.) भोंगा वाजला तर घाबरू नकोस. मग चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाब. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, ती माहितीपुस्तकात आजच बघून ठेव.

एक गोष्ट मात्र माझ्यासाठी नक्की कर. चिनू अजून हाताला येईल ते तोंडात घालते. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर २ तासांत आत गंभीर भाजू शकतं, उतरलेल्या सेलनंसुद्धा. म्हणून नव्याचं पाकीट फोडल्यापासून जुना चिकटपट्टीत गुंडाळेपर्यंत एकही सेल टेबलावर मोकळा ठेवू नकोस. पट्टी दोन्ही बाजूंना लाव आणि तो ई-कचऱ्यातच दे. गिळल्याचा नुसता संशय आला तरी त्रास दिसायची वाट बघायची नाही, उलटी करवायची नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

आणि हो, कपाटातल्या दुसऱ्या चावीचा सेलही याच वयाचा असणार. एकदम दोन आण.

वहिनींना नमस्कार, चिनूला गोड पापा.

तुझा,
विनय