लेन्स मागवण्याआधी

प्रिय मृणाल,

चष्म्याच्या कागदावरचा नंबर टाकून कॉन्टॅक्ट लेन्स घरपोच मागवून घेते, असं तू लिहिलंस. तसं करू नकोस. लेन्स जरूर लाव, मोठा नंबर असलेल्याला तर त्यांचं सुख फार मोठं आहे. पण आधी डोळे नीट तपासून घे, आणि लेन्स डोळ्यावर बसवून बघितल्याशिवाय एकही डबी विकत घेऊ नकोस. फोनवर आपलं बोलणं नेहमी भलतीकडेच जातं, म्हणून सगळं लिहूनच काढते.

तुझा नंबर उणे सहा, वर दीडचा सिलिंडर, म्हणजे ठरावीक कोनातला जादा नंबर. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते आणि लेन्स थेट बुबुळावर बसते. उणे चारपर्यंत या अंतराने फारसं बिघडत नाही, त्यापुढे बिघडतं. उणे सहाचा चष्मा असणाऱ्याला लेन्स उणे साडेपाचच्या जवळपास लागते, आणि तुझा दीडचा सिलिंडर लेन्समध्ये सव्वावर येतो. चष्म्याचाच नंबर मागवलास तर ती लेन्स गरजेपेक्षा जास्त ताकदीची होईल. दूरचं लख्ख दिसेल, त्यामुळे तुला शंकाही येणार नाही, आणि जवळचं बघताना डोळे उगाच ताणले जातील. शिवाय लेन्सच्या डबीवर दोन आकडे असे असतात जे चष्म्याच्या कागदावर नसतातच: बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सच्या आतल्या बाजूचा बाक, आणि व्यास. सॉफ्ट लेन्सचा बाक बहुधा ८.४ ते ८.८ मिलिमीटरच्या दरम्यान असतो, व्यास १४ च्या आसपास. त्यातलं तुला काय बसेल हे तुझा डोळा बघूनच ठरतं.

नंबर काढण्याचा भाग तुला पाठच आहे. मशीनमध्ये तो दूर रस्त्यावरचा फुगा, मग अक्षरांचा तक्ता, मग ‘हे बरं की ते बरं’. एवढंच सांगेन, दोन्ही सारखं दिसत असेल तर बिनधास्त ‘सारखंच’ म्हण. तेही उत्तरच असतं. शेवटी लाल आणि हिरव्या पट्टीवरची अक्षरं दाखवतात. तिथे घाई करू नकोस. उणे नंबरवाल्याला हिरव्यातली अक्षरं जास्त ठळक दिसली तर नंबर थोडा जास्त चढलाय असं त्यांना कळतं.

डोळ्यात थेंब टाकून डोळ्याच्या आतला मागचा पडदा, म्हणजे रेटिना, मात्र नक्की तपासून घे. यावर मी अडून बसणार आहे. उणे नंबर म्हणजे बहुतेक वेळा लांब झालेला डोळा. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर असतो. उणे सहावाल्याचा त्याहून दोनेक मिलिमीटर लांब असू शकतो, आणि आतला पडदा तेवढा ताणला जाऊन कडेला पातळ होतो. चष्मा जाऊन लेन्स आली म्हणून हा ताण कमी होत नाही. लोक चष्मा सुटला की डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणंही सोडतात, ते मला पटत नाही. कधी अचानक विजेसारखे चमकारे दिसले, काळे ठिपके एकदम वाढले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी दाखवायचं. थेंबांनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही, म्हणून गाडी चालवत जाऊ नकोस. लेन्सची फिटिंग वेगळ्या दिवशी ठेवता आली तर उत्तम.

आता फिटिंग. हाच भाग तू वगळायला निघाली होतीस.

आधी कॉर्नियाचं, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचं, मोजमाप होतं. हा पडदा मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि त्यात एकही रक्तवाहिनी नसते. असती तर त्यातून आरपार दिसलंच नसतं. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या थरातून मिळतो. या थरावर आपण दिवसभर एक चकती ठेवणार आहोत. आताच्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्समधून हवा खूप चांगली जाते, तरीही न बसणारी लेन्स किंवा झोपेत तशीच राहिलेली लेन्स कॉर्नियाला गुदमरवते. वर्षानुवर्षं असं झालं तर कडेकडून बारीक रक्तवाहिन्या पारदर्शक भागात शिरायला लागतात. म्हणून तपासणारी व्यक्ती स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या भिंगाखाली, बुबुळाची कड इतका वेळ न्याहाळत बसते.

मग एक नारिंगी रंग डोळ्यात लावतात आणि निळा प्रकाश टाकतात. अश्रूंचा थर हिरवा चमकतो, आणि पापणी न लवता तो किती सेकंद अखंड राहतो ते मोजतात. दहा सेकंदांच्या आत फाटत असेल तर डोळे कोरडे पडणारे आहेत, आणि लेन्स कुठली, रोज किती तास, हे त्यावरून ठरतं. तू दिवसभर कॉम्प्युटरवर असतेस, तिथे पापण्या लवणं खूप कमी होतं. हे आपणहून सांग. सर्दीसाठी घेतेस त्या ॲलर्जीच्या गोळ्यांचंही सांग, त्यांनीही डोळे कोरडे होतात. वरची पापणी उलटी करून बघतील तेव्हा घाबरू नकोस. दुखत नाही, फक्त चमत्कारिक वाटतं.

माझ्या वेळी स्लिट लॅम्पला कॅमेरा जोडलेला होता, त्यामुळे समोरच्या स्क्रीनवर मला माझाच डोळा दिसत होता. चाचणीची लेन्स घालून थोडा वेळ बसवून ठेवलं होतं, कारण ती स्थिरावल्याशिवाय बघण्यात अर्थ नसतो. डाव्या डोळ्यातली लेन्स इतकी छान बसली होती की आहे हेच जाणवत नव्हतं. मी तसं आनंदाने सांगितलं. तपासणाऱ्या बाईंनी मला पापणी लववायला सांगितली, पुन्हा लववायला सांगितली, मग खालच्या पापणीच्या कडेने बोटाने लेन्स हलकेच वर सरकवून बघितली आणि म्हणाल्या, “ही घट्ट आहे, बदलू या.” स्क्रीनवर मलाही दिसलं: पापणी लवली तरी लेन्स जागची हलत नव्हती. नीट बसलेली लेन्स प्रत्येक वेळी किंचित, अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, सरकते आणि परत जागेवर येते, आणि त्या हालचालीत तिच्याखालचे अश्रू बदलले जातात. दुसरी लेन्स घातली तेव्हा ती मला सुरुवातीला जरा जाणवली, आणि तीच बरोबर होती.

मृणाल, माझं सगळं म्हणणं या एका लेन्समध्ये आहे. घट्ट लेन्स पहिल्या दिवशी सैल लेन्सपेक्षा सुखाची वाटते. तू घरी आरशासमोर उभी राहून, ‘दिसतंय, टोचत नाही, म्हणजे झालं’ असंच ठरवशील, आणि तिथे काय चाललंय हे तुला आतून कळण्याचा काही मार्गच नाही. त्यासाठी बाहेरून, भिंगातून बघणारं माणूस लागतं.

तुला तर सिलिंडरमुळे टॉरिक, म्हणजे सिलिंडरचा नंबर असलेली, लेन्स लागेल. ती नुसती बसून चालत नाही, योग्य कोनातच थांबावी लागते. तिच्यावर एक बारीक खूण असते. ती खूण खाली, घड्याळातल्या सहाच्या जागी, राहते की कलते ते बघतात, आणि कलत असेल तर तेवढा कोन हिशेबात धरून वेगळी लेन्स देतात. अक्षरं पापणी लवल्यावर धूसर होऊन पुन्हा स्पष्ट होत असतील तर ते तिथेच बोलून दाखव.

आपण दोघीही चाळिशी ओलांडलेल्या, म्हणून हेही लिहिते. तू बारीक अक्षर वाचताना चष्मा कपाळावर सरकवतेस ना? लेन्स अशी सरकवता येत नाही. वर उणे नंबरवाल्याला लेन्समधून जवळचं बघताना चष्म्यापेक्षा जास्त जोर लावावा लागतो. त्यामुळे वाचायला त्रास अचानक सुरू झाल्यासारखा वाटेल. त्यावर मल्टिफोकल, म्हणजे दूरचा आणि जवळचा दोन्ही नंबर असलेल्या, लेन्स आहेत, एका डोळ्याला दूरचा आणि दुसऱ्याला जवळचा नंबर देण्याची पद्धत आहे, किंवा लेन्सवरून वाचायचा साधा चष्मा आहे. मला हा शेवटचा पर्याय सगळ्यात बरा वाटतो. तुझं ठरवण्याआधी चाचणीच्या लेन्स घालून एखादं छापील पान वाचून बघ.

घालायला शिकणं कठीण नाही, फक्त निवांतपणा हवा. हात साध्या साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून बाजूने बघायची: वाटीसारखी दिसली तर सुलट, कडा बशीसारख्या बाहेर फाकल्या तर उलटी. नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरुवात करायची, म्हणजे अदलाबदल होत नाही. वरची पापणी अगदी केसांच्या मुळाशी धरायची. लेन्स न जाण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच असतं. काढताना वर बघत लेन्स पांढऱ्या भागावर ओढून बोटांच्या पेरांनी चिमटीत घ्यायची, नखं लावायची नाहीत. डोळ्याच्या मागे ती जाऊच शकत नाही, आतलं पातळ आवरण पापणीच्या आत दुमडलेलं असतं आणि मागची वाट बंद असते. तुझ्या हाताने घालून, तुझ्याच हाताने काढल्याशिवाय तिथून निघू नकोस.

आणि पाणी. लेन्सला पाणी लागता कामा नये, कुठलंच नाही. नळाच्या, विहिरीच्या, तलावाच्या पाण्यात अकॅन्थमिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो, आणि तो कॉर्नियात शिरला तर उपचार महिनोन्महिने चालतात, दृष्टीही जाऊ शकते. आंघोळ, पोहणं लेन्स काढून. लेन्स ठेवायची डबी पाण्याने विसळायची नाही, लेन्सच्या द्रावणानेच धुवायची आणि उपडी वाळवायची, दर तीन महिन्यांनी नवी घ्यायची. कालच्या द्रावणात आजचं ओतायचं नाही. लेन्स घालून झोपायचं नाही, दुपारची डुलकीसुद्धा नाही. तुझी धावपळ बघता मी रोज टाकून द्यायच्या लेन्स सुचवेन, त्यात डबी आणि द्रावण दोन्ही सुटतात. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसवेना किंवा धूसर दिसायला लागलं की लगेच लेन्स काढायची, ती टाकून न देता जपून ठेवायची आणि डॉक्टरांना दाखवायचं. म्हणून चालू नंबरचा चष्मा कायम जवळ हवा.

हे सगळं वाचून तुझा बेत ढळायला नको. चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले यांनी १९६१ च्या नाताळात घरीच, मुलांच्या जोडणीच्या खेळण्यातले भाग आणि सायकलचा डायनॅमो जुळवून मऊ लेन्स घडवण्याचं यंत्र केलं. त्यांची आठवण मला खूपदा येते. उणे सहाच्या चष्म्यातून सगळं लहान दिसतं हे आपल्याला लेन्स लावेपर्यंत माहीतच नसतं. लेन्स लावलीस की माणसांचे चेहरे आहेत तेवढे मोठे दिसतील, आणि मान न वळवता बाजूचंही स्पष्ट दिसेल. जिना उतरताना मला अजून त्याचा आनंद होतो.

जाताना चालू चष्मा, जुने नंबराचे कागद आणि औषधांची नावं घेऊन जा. आठवड्याभराने परत बोलावतील, तेव्हा काही तास लेन्स घालूनच जा. वेळ ठरली की कळव. तुला सोबत हवी असेल तर मी येते, थेंब टाकल्यावर परत आणायला कुणीतरी लागेलच.

तुझी,
अनघा