वाट्या करण्याआधी लेबल वाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीच्या पानावर जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डपासून वाट्या आणि भिंतीवरचं घड्याळ करायची कृती छापून आली आहे. तबकडी गरम पाण्यात धरायची, मऊ पडली की पालथ्या पातेल्यावर ठेवून कडा दाबायच्या. सोबत फोटो आहे. त्यातल्या डावीकडच्या वाटीच्या बुडाशी अर्धं लेबल दिसतंय. मी भिंग लावून पाहिलं. नाव काही वाचता आलं नाही, पण पौंडाच्या चिन्हासारखं दिसणारं इंग्रजी एल अक्षर ओळखू आलं. ती पार्लोफोन या जुन्या रेकॉर्ड कंपनीची खूण. तेव्हापासून चैन नाही, म्हणून हे पत्र.

मी रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले. अजनीला राहते. घराच्या वरच्या खोलीतून गेली पाच वर्षं इंटरनेटवर एक रेडिओ केंद्र चालवते. त्यावर फक्त जुना जॅझ वाजतो, साधारण १९२३ ते १९५५ या काळातला. केंद्राचं नाव इथे देत नाही, कारण हे पत्र जाहिरातीसाठी लिहिलेलं नाही. श्रोते थोडे आहेत. रात्री दहाच्या कार्यक्रमाला कधी बारा जण असतात, कधी तीस. पण जे येतात ते शेवटपर्यंत थांबतात.

हे वेड घरातलंच. माझे वडील लोको शेडमध्ये फिटर होते. आमच्या क्वार्टरच्या मागच्या ओळीत एक अँग्लो-इंडियन गार्ड राहायचे. मी शाळेत असताना ते कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं आणि जाताना त्यांनी एक लाकडी खोका बाबांच्या हवाली केला. आत पन्नासेक तबकड्या होत्या, मधेमधे वर्तमानपत्राच्या घड्या घालून नीट लावलेल्या. बाबांना इंग्रजी गाणं कळत नव्हतं, पण इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस तो. पहिली तबकडी लावली आणि म्हणाले, "याचा दम पाहा, पोरी."

ती अमेरिकेचे ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांनी वाजवलेली 'वेस्ट एंड ब्लूज' होती. २८ जून १९२८ रोजी शिकागोला ध्वनिमुद्रित झालेली. तेव्हा आर्मस्ट्राँग सव्वीस वर्षांचे होते. सुरुवातीला बारा-तेरा सेकंद ट्रम्पेट एकटाच आहे. साथ नाही, ठेका नाही. ते ऐकताना मला दरवेळी मैफलीत गवयाने लावलेला पहिला षड्ज आठवतो. सगळी खोली त्या एका आवाजाच्या स्वाधीन होते. आणि शेवटच्या आवर्तनात ते तार पंचमावर जाऊन थांबतात. किती वेळ? चार-चार मात्रांचे जवळजवळ चार खंड, म्हणजे आपल्या तीनतालाचं जवळपास एक अख्खं आवर्तन, एका श्वासात. बाबा म्हणत होते तो हाच दम.

ही तबकडी रेडिओवर लावायची तर आधी तिचा वेग जुळवावा लागतो. मिनिटाला ७८ फेरे हा आकडा लेबलवर असतो, पण यंत्र थोडं मागेपुढे धावलं तरी सूर सरकतो. मी हार्मोनियम जवळ घेऊन बसते. 'वेस्ट एंड ब्लूज' काळी दोनमध्ये आहे. सूर काळी दोनला लागला की वेग बरोबर. सुईसुद्धा वेगळी लागते. या तबकडीची खाच नंतर आलेल्या लाँग प्ले म्हणजे एलपी रेकॉर्डपेक्षा बरीच रुंद. एलपीची बारीक सुई तिच्या तळाशी जाऊन घासते आणि नुसती खरखर ऐकू येते. धुणं, वाळवणं, सूर जुळवणं, वाजवून संगणकात घेणं, मग कोण वाजवतंय, कुठे, कधी हे तपासून वहीत लिहिणं. तीन मिनिटांच्या एका बाजूला माझा तास जातो. प्रक्षेपण मात्र सोपं आहे. या सगळ्या रेकॉर्ड स्टिरिओच्या आधीच्या, म्हणून एकाच वाहिनीचा हलका प्रवाह पुरतो. ऐकणाऱ्याचा तासाला तीस एमबीसुद्धा डेटा जात नाही.

"फोनवर सगळं मिळतं की, मग रेडिओ कशाला?" असं मला माझ्या भाच्यापासून सगळे विचारतात. मिळतं, खरंच मिळतं. पण सांगणारं माणूस मिळत नाही. रात्री आमच्याकडे शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका हे अमेरिकेचं सरकारी रेडिओ केंद्र लागायचं. त्यावर विलिस कोनोव्हर यांचा जॅझ अवर १९५५ मध्ये सुरू झाला आणि पुढे चाळीस वर्षं ते बोलत राहिले. एकेक शब्द सुटा, सावकाश, भारदस्त. वाजवणाऱ्यांची नावं अशी घ्यायचे की घरातल्या थोरांची ओळख करून देतायत असं वाटावं. मराठी शाळेतल्या मला इंग्रजी कानाने कळायला लागलं ते त्यांच्यामुळे. तेच काम मी आता मराठीत करते. क्लॅरिनेट कोणाचं, पियानो कोणाचा, त्या दिवशी स्टुडिओत कोण होतं, हे रेकॉर्ड लावायच्या आधी मी सांगते. १९२३ मध्ये किंग ऑलिव्हर यांचा वाद्यवृंद इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी ध्वनिमुद्रणाला गेला. तो स्टुडिओ रुळांना लागून होता. गाडी आली की काम थांबवायचे. हे मी सांगते तेव्हा माझ्या खिडकीबाहेर अजनीची गाडी गेलेली असते, आणि ती जाईस्तोवर मीही थांबलेली असते. मे महिन्यात तर निवेदन पहाटे पाचला करून ठेवावं लागतं, कारण कूलर सुरू असला की आवाज घेता येत नाही आणि बंद केला तर नऊनंतर त्या खोलीत बसवत नाही.

इतवारीतले एक बँडवाले माझे नेमाचे श्रोते आहेत. लग्नाच्या मोसमात क्लॅरिनेट वाजवतात. एकदा जॉनी डॉड्स यांचं क्लॅरिनेट ऐकून त्यांनी फोन केला: "ताई, हा माणूस वरातीतच शिकला काय?" मी त्यांना सांगितलं, की न्यू ऑर्लिन्सचे बँड मिरवणुकीत वाजवायचे आणि अंत्ययात्रेतही, जाताना संथ, परतताना नाचरं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग हे तं आपलेच लोक होत." त्या आठवड्यात मी जॉनी डॉड्स तीनदा लावले.

आता वाट्यांकडे येते. श्रोते विचारतात, नवं का लावत नाही? यात माझ्या आवडीचा भाग आहेच, पण कायद्याचाही आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झालेल्या वर्षानंतर साठ वर्षं टिकतो. रचनेचा हक्क वेगळा. तो रचनाकार गेल्यानंतर साठ वर्षं. आर्मस्ट्राँग यांनी वाजवलेली 'वेस्ट एंड ब्लूज' ही रचना किंग ऑलिव्हर यांची. ते १९३८ मध्ये वारले, म्हणून ती मी मोकळेपणाने लावू शकते. जॅझचे दुसरे मोठे रचनाकार ड्यूक एलिंग्टन १९७४ मध्ये गेले. त्यांच्या रचनांना २०३४ संपेपर्यंत परवानगी हवी. रेडिओ लहरींवरून वाजवणाऱ्या केंद्रांना ठरलेल्या दराने परवाना मिळावा अशी सोय २०१२ च्या दुरुस्तीने झाली, पण ती इंटरनेटला लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये सांगितलं. मग माझ्यासारखीने प्रत्येक हक्कधारकाशी स्वतंत्र बोलणी करायची. मी दोन ठिकाणी लिहून पाहिलं. एकीकडून उत्तर नाही, दुसरीकडून जो आकडा आला तो माझ्या वर्षभराच्या पेन्शनएवढा होता. जाहिरात न घेणाऱ्या एका माणसाच्या केंद्रासाठी परवडेल असा छोटा परवाना असावा, असं मला मनापासून वाटतं आणि त्यासाठी मी लिहीत राहीन. तोवर माझं केंद्र जगतं ते जुन्या तबकड्यांवर. त्या तुमच्या माळ्यावर आहेत. म्हणून वाटी पाहून जीव कासावीस झाला.

आणि या तबकड्या परक्याही नाहीत. ७८ ची रेकॉर्ड म्हणजे लाख, दगडाची भुकटी आणि काजळी. जगभरच्या कारखान्यांना लाख जायची ती मुख्यतः आपल्या देशातून. आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडे पळसावर आणि कुसुमावर जी धरते, तीच लाख. १९४२ मध्ये युद्धामुळे तिचा पुरवठा आटला तेव्हा अमेरिकेत सरकारने रेकॉर्डसाठी लाख वापरण्यावर मोठी कपात लादली. कंपन्यांनी घराघरांतून जुन्या तबकड्या परत घेतल्या आणि त्यांचाच माल करून नव्या घडवल्या. तबकड्या तेव्हाही वितळवल्या, पण त्यांतून पुन्हा गाणं निघावं म्हणून.

आर्मस्ट्राँग यांची मला काळजी नाही. ते जगात शंभर ठिकाणी जपलेले आहेत. काळजी आहे ती इथे वाजलेल्या जॅझची. टेडी वेदरफर्ड हे शिकागोत आर्मस्ट्राँग यांच्यासोबत वाजवलेले पियानोवादक. ते मुंबईच्या ताजमध्ये वाजवायचे, युद्धाच्या काळात कोलकात्याला होते, तिथेच त्यांनी रेकॉर्ड केल्या आणि १९४५ मध्ये तिथेच पटकीने वारले. गोव्याचे चिक चॉकलेट मुंबईत स्वतःचा वाद्यवृंद चालवायचे आणि सी. रामचंद्र यांचे सहायक होते. 'अलबेला' (१९५१) मधला तो ट्रम्पेट आठवा. आणि सी. रामचंद्र गाणं शिकले ते आपल्या नागपुरात, शंकरराव सप्रे यांच्याकडे, जिथे वसंतराव देशपांडेही शिकले. म्हणजे जॅझचा एक धागा या शहरातूनही गेलेला आहे. मुंबई-कोलकात्यात झालेल्या या रेकॉर्ड सापडल्या तर आपल्याच घरांत सापडणार. रेल्वेच्या क्वार्टरांत, सदरच्या जुन्या बंगल्यांत, कामठीला. दुसरीकडे कुठे शोधायच्या?

म्हणून वाचकांना विनंती. माळा आवरताना जड, काळी, काचेसारखी ठिसूळ तबकडी हाती लागली तर आधी लेबल वाचा. आडव्या थप्प्या लावू नका, उभ्या ठेवा. गच्चीच्या खोलीत तर मुळीच नको. आपल्या मे महिन्यात ती पत्रावळीसारखी वाकडी होते. धुवायची असेल तर साधं पाणी, लेबल कोरडं ठेवून, आणि सावलीत वाळवा. स्पिरिट कधीही लावू नका. फर्निचरला पॉलिश करणारे कारागीर चपडी लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात, हे मला ठाऊक होतं. तरी २०२० मध्ये, प्रत्येक वस्तू पुसायची सवय लागलेली असताना, चिक चॉकलेट यांच्या एका तबकडीवरून मी सॅनिटायझरचा बोळा फिरवला. बोळा काळा झाला. जिथे तो फिरला तिथे खाचा बोथट झाल्या आणि एक बाजू कायमची गेली. ती तबकडी मी अजून ठेवली आहे.

मला तबकड्या विकत किंवा दान नकोत. मी तुमच्या घरी येईन, पावती लिहून तबकडी नेईन, तिचा आवाज उतरवून घेईन, एक प्रत तुम्हाला देईन आणि आठवड्यात मूळ तबकडी परत आणून पोहोचवीन. जॅझ नसून नाट्यसंगीत निघालं, भजन निघालं, तरी तेही उतरवून देईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

एक शोध माझा स्वतःचाही आहे. बाबांच्या खोक्यात वेदरफर्ड यांची कोलकात्याची एक तबकडी आहे. काठापासून आत बोटभर तडा गेलाय. सुई तिथून गेली की टक होतं. मिनिटाला ७८ वेळा टक, आणि त्याच्या मागे तो पियानो. तशीच दुसरी, धड असलेली, नागपुरात कोणाकडे असेल तर कृपया कळवा. निदान पूर्वी घरात होती एवढं आठवत असलं तरी कळवा. कोणाकडे गेली ते मी शोधीन.

आपली,
एक रेडिओचालक
अजनी, नागपूर