‘पुट’ची यादी नको, वाक्यं छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात स्पर्धा परीक्षेच्या पानावर अधूनमधून इंग्रजी क्रियापदांची यादी येते. डावीकडे ‘पुट ऑफ’, ‘पुट आउट’, ‘पुट अप विथ’ आणि उजवीकडे प्रत्येकापुढे एकेक मराठी अर्थ. आमच्याकडची मुलं ते पान कापून वहीत चिकटवतात. शहरातल्या क्लासची फी ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी तुमचं पान हाच क्लास आहे, म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. या यादीनं मुलांना इंग्रजी येत नाही. पाठांतर मात्र भरपूर होतं.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. अमरावती विद्यापीठातून इंग्रजी घेऊन एम.ए. केलं. घरी शेती आहे: सोयाबीन, तूर आणि थोडी पऱ्हाटी. संध्याकाळी गावातल्या एका रिकाम्या खोलीत मुलामुलींचा अभ्यास घेते. सोंगणीच्या दिवसांत ती दिवसभर वावरात असतात आणि जेवण उरकून रात्री येतात. बहुतेकांचा डोळा तलाठी भरतीवर. त्या पेपरात 100 प्रश्न, 200 गुण, आणि त्यांतले 25 प्रश्न इंग्रजीचे. पोलीस शिपायाच्या लेखी परीक्षेत इंग्रजी नसतं, म्हणून कितीतरी चांगली मुलं निव्वळ इंग्रजीच्या धास्तीनं तिकडे वळताना मी पाहते. त्याचं मला फार वाईट वाटतं.

एका मुलीनं मला विचारलं, “मॅडम, पुट म्हंजे ठेवनं, आउट म्हंजे बाहेर. मंग पुट आउट म्हंजे इझवनं काहून?” प्रश्न अगदी बरोबर आहे आणि यादीत त्याला उत्तर नाही. उत्तर ‘आउट’मध्ये आहे. इंग्रजीत दिवा गेला की ‘द लाइट वेंट आउट’ म्हणतात, आग विझली की ‘द फायर इज आउट’ म्हणतात. म्हणजे ‘आउट’ला ‘बाहेर’ इतकाच अर्थ नाही, ‘विझलेला, संपलेला’ असाही आहे. आगीला त्या अवस्थेत नेणं म्हणजे ‘पुट आउट’. ‘ऑफ’मध्ये दूर सारण्याचा भाव आहे, म्हणून परीक्षेची तारीख ‘पुट ऑफ’ होते, म्हणजे पुढे ढकलली जाते. एवढं कळलं की पोरीला पाठ करावं लागत नाही.

पण खरी गोम पुढेच आहे. ‘पुट अप’ घ्या. तुमच्या यादीत त्यापुढे ‘उभारणे’ असं छापलं होतं. चूक नाही. शेड ‘पुट अप’ केलं तर उभारलं. पण दुकानदारानं भाव ‘पुट अप’ केला तर वाढवला, मुलानं हात ‘पुट अप’ केला तर वर केला, पाहुण्याला ‘पुट अप’ केलं तर मुक्कामाला ठेवून घेतलं. क्रियापद तेच, जोडलेला शब्दही तोच. बदललं ते फक्त कर्म. त्यात ‘विथ’ आला की भलतंच होतं: ‘आय कान्ट पुट अप विथ द नॉइझ’, म्हणजे हा गोंगाट मला सहन होत नाही. आणि आपल्या सरकारी कचेऱ्यांत ‘फाइल पुटअप केली’ म्हणतात, म्हणजे साहेबांपुढे सादर केली. तलाठी झाल्यावर या मुलांना हाच ‘पुटअप’ रोज कानावर पडणार आहे, आणि कोणत्याही यादीत तो नसतो.

हे मुलांना परकं वाटायचं कारण नाही, कारण आपल्या बोलण्यात हा प्रकार पावलोपावली आहे. मी फळ्यावर ‘लागणे’ लिहिते आणि मुलांकडून वाक्यं मागते. भूक लागली. आग लागली. पऱ्हाटीला बोंडं लागली. मोठ्या भावाला नोकरी लागली. फलाटाला एसटी लागली. मग शब्द जोडून घेते: मागे लागला, नादी लागला, हाती लागला, मार्गी लागला, कामाला लागला. ‘नादी लागणे’ आणि ‘हाती लागणे’ यांत ‘लागणे’चा एकच अर्थ सांगा म्हटलं तर आपल्यालाही सांगता येणार नाही, पण चुकतो का कोणी? चौथीतलं पोरगंही चुकत नाही, कारण त्यानं ते वाक्यात ऐकलंय. एवढं झालं की मुलांची भीड चेपते. इंग्रजी आपल्याला मुद्दाम छळायला बनवलेली नाही हे त्यांना पटतं, आणि माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं.

दुसरी गोष्ट जागेची. ‘पुट द शर्ट ऑन’ चालतं, ‘पुट ऑन द शर्ट’ही चालतं. पण शर्टाऐवजी ‘इट’ आलं की ‘पुट इट ऑन’ एवढंच बरोबर. ‘पुट ऑन इट’ म्हटलं तर ‘शर्ट घाल’ असा अर्थ होतच नाही. उलट ‘लुक आफ्टर हिम’ (त्याची काळजी घे) बरोबर, ‘लुक हिम आफ्टर’ कधीच नाही. चूक ओळखा या प्रश्नात नेमकं हेच विचारतात आणि यादी पाठ केलेली मुलं नेमकी इथेच गुण घालवतात.

याची किल्ली मराठी व्याकरणाच्याच तासात आहे. ‘झाडावर’मधलं ‘वर’ शब्दयोगी अव्यय आणि ‘तो वर गेला’मधलं ‘वर’ क्रियाविशेषण, हा फरक या मुलांना पक्का पाठ असतो, कारण मराठीच्या पेपरात तो विचारतात. ‘पुट द बॅग ऑन द टेबल’मधला ‘ऑन’ टेबलाला चिकटलेला आहे, तो आपला शब्दयोगी. ‘पुट द शर्ट ऑन’मधला ‘ऑन’ कुणाला चिकटलेला नाही, तो क्रियापदाचा सोबती, म्हणून सरकू शकतो. ‘लुक आफ्टर’मधला ‘आफ्टर’ पुढच्या नामाला धरून असतो, म्हणून तो हलत नाही. मराठी आणि इंग्रजीचे तास एकमेकांपासून इतके तोडून ठेवल्यामुळे ही साधी सांगड कुणी घालून देत नाही.

ही अडचण आपल्याच मुलांची आहे असंही नाही. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची रीत इंग्रजीत फार आहे आणि परक्यांना सर्वांत मोठी अडचण तिचीच होते. पुढे 1980च्या दशकात बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली खऱ्या वापरातल्या मजकुराचा मोठा साठा संगणकावर जमवला गेला, आणि त्यावरून 1987 साली कोबिल्ड शब्दकोश निघाला. त्यानंतर 1989 साली त्यांनी फक्त अशा जोडक्रियापदांचा वेगळा कोशही काढला. त्यांची पद्धत मला फार मोलाची वाटते. तिथे अर्थ सुटा देत नाहीत, पूर्ण वाक्यात देतात: तुम्ही आग ‘पुट आउट’ करता तेव्हा ती विझवता, अशा धर्तीवर. म्हणजे अर्थाबरोबर कर्मही हातात येतं. आपल्या गाईडवाल्यांनी एवढी एक गोष्ट उचलली असती तरी पुष्कळ झालं असतं.

आपल्याकडच्या वापराबद्दलही लिहायला हवं. ‘मी 2021ला पास आउट झालो’ हे आपण सर्रास म्हणतो. भारतात त्याचा अर्थ शिक्षण पूर्ण केलं असा होतो आणि तो सगळ्यांना कळतो. लष्करात प्रशिक्षण संपल्यावर पासिंग आउट परेड होते, तिथे इंग्रजांचंही ते वापरणं आहे. पण एरवी इंग्लंड-अमेरिकेत ‘ही पास्ड आउट’ म्हणजे तो बेशुद्ध पडला. ‘कोप अप विथ’ आपल्याकडे जागोजाग ऐकू येतं, प्रमाण इंग्रजीत मात्र नुसतं ‘कोप विथ’ (तोंड देणे, निभावून नेणे) आहे. ‘पुट अप विथ’, ‘कीप अप विथ’ यांच्या सवयीनं तो ‘अप’ शिरला असावा. शाळेत ‘फॅन पुट ऑफ कर’ म्हणतात, तिकडे ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ जास्त म्हणतात. कोट्यवधी लोक रोज जे बोलतात त्याला सरसकट चूक म्हणायला मी तयार नाही. पण कुठे काय चालतं हे मुलाला ठाऊक असलं पाहिजे, नाहीतर मुलाखतीत किंवा अर्जात त्याचं नुकसान होतं आणि कशामुळे झालं हेही त्याला कळत नाही.

तेव्हा विनंती अशी. एका दिवशी वीस क्रियापदांची यादी छापण्यापेक्षा आठवड्याला एकच क्रियापद घ्या. ‘पुट’पासून सुरुवात करा, मग ‘गेट’, ‘टेक’, ‘लुक’, ‘टर्न’. प्रत्येक जोडीची दोन-तीन पूर्ण वाक्यं द्या, त्यांत एक तरी ‘इट’ किंवा ‘हिम’ घातलेलं असू द्या, आणि वाक्यं आमच्या ओळखीची असू द्या. ट्रॅक्टर घेताना पैसे ‘पुट डाउन’ करावे लागतात हे आमच्या मुलाला लगेच कळेल, कारण ‘डाउन पेमेंट’ हा शब्द त्याच्या घरात दहा वेळा बोलला गेलेला असतो. विहिरीवर पंप ‘पुट इन’ केला, हेही कळेल. लंडनच्या स्टेशनवरची वाक्यं त्याला परकी वाटतात. भारतात अर्थ वेगळा असेल तिथे तशी एक ओळ टाका.

जागेची अडचण मी समजू शकते. तरीही पानाचा चौथा हिस्सा आठवड्यातून एकदा मिळाला तरी पुरे. वाक्यं तयार करायला माणूस हवा असेल तर मी विनामूल्य करून देईन. ‘पुट’ची वाक्यं आमच्या मुलांनी वहीत उतरवलेली आहेतच. कळवलंत तर तपासून पुढच्या टपालानं पाठवते.

आपली,
एक वाचक व अभ्यासिका चालक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ