मेडिकलच्या काउंटरमागच्या ताईंना

ताई, तुमचं नाव मला अजून माहीत नाही आणि आता इतक्या दिवसांनी विचारायची लाज वाटते, म्हणून ताईच. हे तोंडावर बोलायला गेलो असतो तर परत रडलो असतो, आणि तुमच्या काउंटरवर एकदा रडून झालंय माझं, तेवढं पुरे.

त्या दिवशी मी फक्त पुढच्या महिन्याच्या कॅप्सूल घ्यायला आलो होतो. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइन, तिसरा महिना. ओठ फाटणार, डोळे कोरडे पडणार, नाकातून रक्त येऊ शकतं, हे सगळं आधी सांगितलेलं होतं त्यामुळे त्याचं काही वाटत नव्हतं. पहाटे तीनला टक्क जाग येणं, आईने जेवायला हाक मारली तरी तिच्यावर खेकसणं आणि मग बाथरूमचा नळ सोडून रडत बसणं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. गंमत म्हणजे पिंपल्स खरंच जात होते. इतक्या वर्षांनी चेहरा बरा दिसायला लागला आणि मला आरशाकडे जायचीही इच्छा उरली नव्हती.

डॉक्टरांना सांगितलं होतं हो, दोनदा. पहिल्यांदा म्हणाले टेन्शन घेऊ नका. दुसऱ्यांदा माझाच जुना फोटो काढून दाखवला, "बघा किती फरक पडलाय, आता तर खूश व्हायला पाहिजे तुम्ही." ब्लड रिपोर्ट बघितला, लिव्हर ओके, ट्रायग्लिसराइड्स ओके, नेक्स्ट. रडण्याचं कुठं काय रिपोर्टमध्ये येतं. बाहेर पडताना मला वाटलं की आपलंच काहीतरी चुकतंय, एवढं चांगलं झालं तरी याला सुख नाही.

तुम्ही स्ट्रिप काढता काढता सहज विचारलंत, झोप लागते का नीट. मी नाही म्हटलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मागच्या माणसाला दोन मिनिटं थांबायला सांगितलंत, बाजूला आलात आणि हळूच पण अगदी स्पष्ट विचारलंत, "मरावंसं वाटतं का कधी?" सुट्टे आहेत का विचारावं ना, तसं. ना डोळे मोठे केलेत ना आवाज कापरा. त्या तशा विचारण्यामुळेच मला हो म्हणता आलं. त्याआधी तो शब्द मी स्वतःशीसुद्धा उच्चारला नव्हता. आजही मला बाकी काही आठवो न आठवो, तुमचा तो आवाज आठवतो.

मग खोक्यातला तो दहा घड्यांचा कागद उलगडलात आणि डिप्रेशनच्या ओळीखाली पेनाने रेघ मारलीत. "औषधामुळेच होतंय असं मी म्हणणार नाही, ते डॉक्टर बघतील, पण हे इथं छापलेलं आहे. तुम्ही मनाने रचलेलं नाही." स्ट्रिप परत ड्रॉवरमध्ये गेली आणि माझ्या बहिणीला फोन मी तुमच्यासमोरच लावला. त्यापुढचं, दुसरे डॉक्टर, मानसोपचार वगैरे, ते लिहीत बसत नाही. एवढंच की कॅप्सूल थांबवल्यावर लगेच सगळं छान झालं असं नाही झालं, उपचार घ्यावे लागले, वेळ गेला.

नंतर मी वेड्यासारखं वाचत सुटलो. हे औषध १९८२ पासून आहे आणि डिप्रेशनचा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, १९९८ मध्येच ठळक करायला लावला होता. ब्रिटनमध्ये तर २०२३ मध्ये औषध सुरू करण्याआधी आणि चालू असताना मनाची चौकशी करायचीच असा नियम आला, अठराच्या आतल्या मुलांसाठी औषध लिहून देणाऱ्या दोघांची संमतीही तेव्हा सक्तीची केली. दुसरी बाजूही वाचली, हजारो पेशंट एकत्र घेऊन बघितलं तर धोका वाढलेला स्पष्ट दिसत नाही, आणि पिंपल्सनेच कितीतरी जण खचतात, ते तर मला कुणी शिकवायला नको. माझ्या एका मित्राला याच कॅप्सूलने नवं आयुष्य दिलंय, त्याला काही झालं नाही. म्हणून औषधावर माझा राग नाही. राग आहे तो न विचारण्यावर. दोन प्रश्नांना किती वेळ लागतो? तुम्हाला मागे लाईन लावून दोन मिनिटं लागली.

आणि तुमचं ते कामही नव्हतं, म्हणजे कुणी तुम्हाला जाब विचारला नसता. स्ट्रिप द्यायची, पैसे घ्यायचे, संपलं. चांगली माणसं अशीच असतात बहुतेक, त्यांना आपण काही विशेष केलं हे कळतही नाही, तुम्ही तर परत लगेच त्या थांबलेल्या माणसाचं खोकल्याचं औषध शोधायला लागलात.

परवा टूथपेस्ट घ्यायला आलो तेव्हा तुम्ही आधी झोपेचं विचारलंत. हनुवटीवर दोन पिंपल्स परत आलेत, तुम्ही बघितले असणार, बोलला नाहीत. झोप बरी आहे ताई. आणि त्या गडबडीत माझे सुट्टे द्यायचे राहिले, उद्या आणून देतो.