गटात राहून नजर स्वच्छ ठेवण्याविषयी

प्रिय अनिरुद्ध,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पक्षात राहून सरळ विचार करता येतो का, की त्यासाठी बाहेरच पडावं लागतं, असं तू विचारलं आहेस. मी म्हणेन, पडू नकोस. बाहेर पडलेला माणूस पुष्कळदा दुसऱ्या गटात जाऊन बसतो, नाहीतर 'आम्ही कुणाचेच नाही' म्हणणाऱ्यांच्या गटात. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं हा न्याय तिथेही तसाच चालतो. त्यापेक्षा गट आपल्या विचारात नेमका कुठून शिरतो ते ओळखावं आणि तेवढी वाट राखावी.

तो शिरतो पुराव्याच्या कसोटीतून. बातमी आपल्या सोयीची असली की मन विचारतं, 'हे मानता येईल का?' गैरसोयीची असली की विचारतं, 'हे मानावंच लागेल का?' मानसशास्त्रज्ञ टॉमस गिलोविच यांनी हा फरक दाखवून दिला. पहिल्या प्रश्नाला एखादा आधार मिळाला की पुरतं, दुसऱ्यातून सुटायला एखादी पळवाट मिळाली की पुरतं. दोन्ही वेळा आपण खरोखरच विचार करत असतो, म्हणून तर पक्षपाताची जाणीव आतून होत नाही.

१९७९ साली स्टॅनफर्डमध्ये लॉर्ड, रॉस आणि लेपर यांनी फाशीच्या शिक्षेचे २४ समर्थक आणि २४ विरोधक विद्यार्थी घेतले. सगळ्यांना दोन अभ्यास वाचायला दिले. फाशीमुळे खून कमी होतात असं एकात होतं, होत नाहीत असं दुसऱ्यात. अभ्यासाची पद्धत अदलाबदल करून दिलेली, म्हणजे एकाला जी पद्धत सोयीच्या निष्कर्षासोबत मिळाली तीच दुसऱ्याला गैरसोयीच्या निष्कर्षासोबत. दोन्ही बाजूंना आपल्याविरुद्धच्या अभ्यासातच खोट दिसली, आणि शेवटी आपलं मत आणखी पक्कं झालं असं दोघांनीही सांगितलं.

पण माझ्या मते मोलाचा आहे तो १९८४ चा पुढचा प्रयोग. 'न्यायाधीशासारखे निःपक्षपाती राहा' असं एका गटाला बजावलं, त्याचा उपयोग झाला नाही. दुसऱ्या गटाला एवढंच सांगितलं: प्रत्येक पायरीवर स्वतःला विचारा, हाच अभ्यास, हीच पद्धत, पण निष्कर्ष उलटा असता तर मी हाच शेरा मारला असता का? इथे मात्र पक्षपात गळून पडला. चांगल्या हेतूने जे झालं नाही ते एका ठरलेल्या प्रश्नाने झालं. तुला जे सांगायचं आहे ते सगळं इथूनच निघतं.

ड्रेफस प्रकरण तुला ढोबळ माहीत असेलच, पण त्यातला एक तपशील जवळून बघ. १८९४ साली फ्रेंच लष्करातल्या या ज्यू अधिकाऱ्याला हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं. पुरावा म्हणजे एक बिनसहीची चिठ्ठी. तिचं अक्षर त्याच्या अक्षराशी नीट जुळत नव्हतं. तज्ज्ञ म्हणून बोलावलेल्या आल्फाँस बर्तियाँने सिद्धान्त मांडला की ड्रेफसने आपलंच अक्षर मुद्दाम बिघडवून लिहिलं. अक्षर जुळलं तर तो दोषी, नाही जुळलं तर धूर्तही. पुढे १८९६ मध्ये गुप्तचर खात्याचा प्रमुख पिकार याच्या हाती एस्तरहाझी नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याची पत्रं आली. त्याने नाव न सांगता त्यांचे नमुने बर्तियाँला दाखवले. पिकारच्या साक्षीप्रमाणे बर्तियाँने लगेच ओळखलं की हे त्या चिठ्ठीचंच अक्षर. लिखाण अलीकडचं, म्हणजे ड्रेफस कैदेत असतानाचं आहे असं कळल्यावर मात्र तो म्हणाला, मग ज्यूंनी कुणाला तरी हे अक्षर गिरवायला शिकवलं असणार.

तोच तज्ज्ञ, तेच डोळे. नाव झाकलेलं असताना उत्तर बरोबर आलं, आपण कुठल्या बाजूचे हे आठवताच चुकलं. आणि पिकार स्वतः ज्यूंविषयीच्या त्या काळच्या आकसापासून मुक्त नव्हता. मन निर्मळ झाल्यावर तो खरं बोलला असं नाही, त्याने कागदाशेजारी कागद ठेवला. पुढे १८९८ मध्ये ड्रेफसविरुद्धचं एक मुख्य पत्र बनावट निघालं: दोन वेगळ्या कागदांचे तुकडे जोडलेले, रेघांचा रंगही वेगळा. ते बनवणाऱ्या आँरी या अधिकाऱ्याने कबुली देऊन आत्महत्या केली. तरी शार्ल मोरास या राष्ट्रवादी लेखकाने त्याला देशभक्त ठरवलं, आणि त्याच्या विधवेसाठी एका वर्तमानपत्राने सव्वा लाख फ्रँकच्या वर वर्गणी जमवली. ड्रेफस निर्दोष ठरायला १९०६ उजाडलं.

आता तुझं म्हणणं, की तुमच्याकडे शिकलेली, आकडेमोड जाणणारी माणसं आहेत. त्यावर फार विसंबू नकोस. हा तक्ता बघ: मलम लावलेल्यांपैकी २२३ सुधारले, ७५ बिघडले, न लावलेल्यांपैकी १०७ सुधारले, २१ बिघडले. ओझरतं पाहिलं तर २२३ डोळ्यांत भरतात. भागाकार केला तर मलमवाले सुमारे ७५ टक्के सुधारले आणि बिनमलमवाले सुमारे ८४ टक्के, म्हणजे मलम न लावणंच बरं. डॅन कहान आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अमेरिकेत हेच आकडे काही लोकांना बंदुकांवरची बंदी आणि गुन्हेगारी या नावाखाली दाखवले. ओझरतं उत्तर आपल्या पक्षाला सोयीचं असेल तिथे गणितात पक्के लोकही भागाकारापर्यंत गेले नाहीत, गैरसोयीचं असेल तिथे गेले. गणितात तरबेज माणसं अधिकच दुभंगतात, हा त्यातला भाग नंतरच्या प्रयोगांत दर वेळी दिसला नाही, तेव्हा तो ताणू नकोस. पण हुशारी हे गटबाजीवरचं औषध नव्हे, एवढं धरून चाल.

माणूस असं का करतो? एखाद्या धोरणाबद्दल एकट्याचं मत चुकलं तर त्याचं स्वतःचं सहसा काही बिघडत नाही. गटाविरुद्ध बोलला तर मात्र मित्र जातात, पद जातं. या हिशेबावर फुंकर मारून चालणार नाही, हिशेबच थोडा बदलावा लागतो. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत बरोबर उत्तराला थोडे पैसे देऊ केले, तेव्हा वस्तुस्थितीविषयीच्या प्रश्नांवर दोन पक्षांच्या समर्थकांमधलं अंतर बरंच घटलं. म्हणजे लोक जे ठासून सांगतात त्यातलं पुष्कळसं त्यांना स्वतःलाही तितकं खरं वाटत नसतं.

तेव्हा असं कर. ठरावाचा मसुदा आला की तो नव्याने टाइप कर. पक्षांची आणि नेत्यांची नावं काढून 'क' आणि 'ख' घाल. एवढ्याने भागत नाही, कारण भाषाच बाजू सांगून टाकते. 'हुतात्मा', 'गद्दार', 'षड्यंत्र' असे शब्द काढून काय घडलं, कुणी केलं, किती रुपयांचं, कोणत्या कलमाखाली, एवढंच ठेव. मग कृती 'क'ची आहे असं धरून तुझा निर्णय दोन ओळींत लिही. त्यानंतर तीच कृती 'ख'ची समजून दुसरा लिही. क्रम महत्त्वाचा आहे. दोन्ही एकदम मनात तोलायला गेलास की मन आधी सोयीचा निकाल ठरवतं आणि फरक मागाहून शोधतं. निकाल वेगळे आले तर त्यामागचा फरक कागदावर लिहून दाखवता आला पाहिजे. नाही आला तर मसुदा बदलायला सांग. जेफ्री कोहेन यांनी २००३ मध्ये दाखवलं होतं की मदत योजनेवर पक्षाचा शिक्का बदलला की लोकांचं मत बदलतं, आणि तरी योजनेच्या गुणदोषांवरूनच आपण ठरवलं असं ते सांगतात. म्हणून मनातल्या मनात केलेली चाचणी धरू नकोस.

बैठकीत चर्चेच्या आधी प्रत्येकाचं मत चिठ्ठीवर घे आणि अध्यक्षांना शेवटी बोलू दे. एक सहकारी आधीच गाठून ठेव, जो शंका उघड बोलेल. सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत सगळे मिळून रेघेची लांबी उघड उघड चुकीची सांगत, तेव्हा एकटा पडलेला माणूस सुमारे एकतृतीयांश वेळा त्यांची री ओढत असे. खरं सांगणारा एक जरी सोबतीला असला तर हे प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर येई. मात्र दर बैठकीला तोच माणूस शंका काढू लागला की लोक 'हा काय, नेहमीचाच' म्हणून त्याला सोडून देतात. ती पाळी फिरती ठेव.

आणखी एक धोका आहे, आणि चांगली माणसं त्यातच अडकतात. नावं झाकून पाहायची सवय लागली की दोन्ही बाजू सारख्याच चुकीच्या वाटू लागतात. तसं नसतं. ड्रेफस प्रकरणात मधोमध उभा राहिलेला माणूस चुकीचाच होता. चाचणी प्रामाणिक केलीस आणि तुझाच पक्ष बरोबर निघाला, तर बेधडक तसं म्हण.

पुढच्या बैठकीचा मसुदा असाच नावं काढून मला पाठव. मी माझे दोन्ही निकाल लिहून उलट टपाली पाठवतो. तुझे तोवर मला सांगू नकोस.

तुझा,
श्रीकांत